वीस ग्रॅमचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीकडून थायरॉइडचे पेशंट नाशिकला उपचारासाठी येतात. त्यातल्या काहींना रेडिओआयोडीन, म्हणजे किरणं सोडणारं आयोडीन-131 देतात. मग घरच्यांचा प्रश्न ठरलेला: “आत किरणं लागली तरी किती?” ग्रंथीत मीटर घालून हे मोजता येत नाही. त्यासाठी शरीराची प्रतिकृती घेऊन हिशेब मांडावा लागतो.

या प्रतिकृतीला फँटम म्हणतात. 1969 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला फँटम निव्वळ गणिती होता. धड लंबगोलाकार नळकांड्यासारखं, पाय निमुळते शंकू. 2009 साली आयसीआरपी या किरणांपासून संरक्षणाचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सीटी स्कॅनवरून बेतलेले, बारीक ठोकळ्यांचे पुरुष आणि स्त्री आणले. पुरुष 176 सेंटिमीटर, 73 किलो. स्त्री 163 सेंटिमीटर, 60 किलो. पुरुषाचा एकेक ठोकळा 2.14 मिलिमीटर रुंद, पण 8 मिलिमीटर उंच. त्यात कातडीसारखा पातळ थर नीट कसा बसणार? म्हणून पुढे ठोकळ्यांऐवजी बारीक जाळीने अवयवांचे पृष्ठभाग आखणारे, जाळीचे फँटम आले.

आता थायरॉइडचं गणित करू. ग्रंथीत 1 मेगाबेकरेल आयोडीन बसलं, म्हणजे सुरुवातीला सेकंदाला 10 लाख विघटनं. आयोडीनचं भौतिक अर्धायुष्य, म्हणजे विघटनाने निम्मं व्हायला लागणारा वेळ, 8 दिवस; शरीरातून निघून जाण्याचं सुमारे 80 दिवस. दोन्ही वाटांनी एकदम कमी होतं, म्हणून प्रत्यक्षात निम्मं व्हायला 7.3 दिवस. शेवटापर्यंत विघटनं होतात 91 हजार कोटींच्या आसपास. दर विघटनामागे बीटा कण सरासरी 0.19 एमईव्ही (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा सोडतो आणि जेमतेम दोन मिलिमीटरच्या आत थांबतो, म्हणून ती जवळजवळ सगळी ग्रंथीतच जिरते. ग्रंथी 20 ग्रॅमची धरली, तर डोस 1.4 ग्रे; ग्रे म्हणजे दर किलोमागे जिरलेली एक ज्यूल ऊर्जा. तीच ग्रंथी सुजून 40 ग्रॅमची झाली असेल, तर निम्मा, 0.7 ग्रे! फँटम कितीही बारीक कोरला तरी हा फरक तो स्वतःहून सांगणार नाही. गॅमा किरणं मात्र दूर जातात. पोटाला, अंडाशयाला किती लागलं हे काढायला फँटमच हवा.

ग्रंथीचं वजन काढतात सोनोग्राफीवरून: लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार, त्याला 0.52 ने गुणायचं. ग्रंथीच्या दोन भागांपैकी एक 5 बाय 2 बाय 2 सेंटिमीटर असेल, तर 10.4 मिलिलिटर, म्हणजे साधारण तितकेच ग्रॅम. जाडी 2 ऐवजी 2.4 वाचली की आकारमान 20 टक्के वाढलं.

ग्रंथीने आयोडीन किती टक्के घेतलं, ते प्रोबने, म्हणजे बाहेरून किरणं मोजणाऱ्या यंत्राने, मोजतात. आधी पेशंटला द्यायची आयोडीनची गोळी प्लॅस्टिकच्या मानेत ठेवून मोजायची, नंतर पेशंटची मान, मग मांडी. मानेच्या आकड्यातून मांडीचा वजा करायचा, कारण रक्तातलं आयोडीनही प्रोबला दिसतं. प्रोब 25 सेंटिमीटरवर असतो. पेशंटने मान पुढे केली, अंतर 24 झालं, की आकडा साडेआठ टक्क्यांनी फुगला. म्हणून अंतराची पट्टी प्रत्येक वेळी लावायची, अंदाजपंचे काम नको.

आणखी एक गोची. जास्त काम करणारी ग्रंथी आयोडीन लवकर बाहेर टाकते. निम्मं व्हायला 7.3 च्या जागी 5 दिवस लागले, की 1.4 ग्रेचा डोस 1 ग्रेच्याही खाली येतो. एकाच दिवशी मोजून हे कळत नाही; चार-पाच दिवसांनी पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं. लांबून येणाऱ्याला तो हेलपाटा वाटतो, पण त्या दुसऱ्या मोजणीवाचून दिवसांचा आकडा पुस्तकातलाच राहतो.