बंद कोण करणार?

(पडद्यावर मुंग्या. खरखर. आवाज हळूहळू खाली.)

आइसलँडमध्ये गुरुवारी टीव्ही नसायचा. यंत्र बिघडलेलं नसायचं, कुणाचा संप नसायचा, त्या दिवशी प्रक्षेपणच नसायचं. तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने १९६६ साली कार्यक्रम सुरू केले. यथावकाश आठवड्याचे सहा दिवस भरले, गुरुवार मात्र मोकळा राहिला. जुलै महिना तर अख्खाच बंद. काम करणारी माणसं मोजकी, त्यांना रजा हवी, इतकं साधं कारण. जुलैची सुट्टी १९८३ साली गेली, आणि १९८७च्या ऑक्टोबरात गुरुवारही गेला.

ब्रिटनमध्ये याहून गमतीशीर सोय होती. संध्याकाळी सहा ते सात पडदा कोरा. मुलांचे कार्यक्रम आटोपले, मोठ्यांचे सुरू व्हायचेत, मधल्या तासात आईवडिलांनी पोरांना झोपवावं. ‘आता काही लागत नाही, चला’ असं म्हणायची सोय टीव्हीवाल्यांनीच करून ठेवलेली. पुढे १९५५ साली जाहिरातींवर चालणारी वाहिनी आली. तिच्या हिशेबात रिकामा तास म्हणजे बुडालेलं उत्पन्न. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो तास भरला गेला.

घरातून टीव्ही काढायचा म्हटलं की गप्पा लगेच कार्यक्रमांवर येतात. मालिका लांबण लावतात, बातम्यांत नुसता आरडाओरडा, जाहिराती तर बघवत नाहीत. सगळं खरं असेल. पण उद्या सगळे कार्यक्रम उत्तम झाले तर आपण टीव्ही कमी बघू का? उलट जास्तच बघू. मला मुद्दा वेगळाच वाटतो. टीव्ही पूर्वी आपणहून संपायचा. शेवटच्या बातम्या, निवेदिकेचा निरोप, आणि मग या मुंग्या. बघणाऱ्याला काही ठरवावं लागत नव्हतं.

(मुंग्या जातात. बातम्यांच्या पट्ट्या, एकावर एक.)

१९८० साली अमेरिकेत चोवीस तास बातम्या देणारी सीएनएन सुरू झाली. २०१२ मध्ये नेटफ्लिक्सने एक भाग संपला की पुढचा आपोआप लावायला सुरुवात केली. म्हणजे आधी दिवसाचा शेवट गेला, मग भागाचाही गेला. आता बंद करायचं काम उरलं आपल्यावर. तेही रात्री अकरा वाजता, दिवसभराच्या कामाने अंग मोडून आलेलं असताना.

अशा वेळी बंद करणं का जड जातं, हे अमेरिकेत रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने पाहिलं. त्यांनी लोकांजवळ बीपर दिले. दिवसातून काही वेळा तो अवचित वाजायचा आणि त्या क्षणी आपण काय करतोय, कसं वाटतंय, हे लोकांनी टिपून ठेवायचं. टीव्ही बघताना लोकांना निवांत वाटत होतं, मेंदू मात्र सुस्त होता. गंमत पुढेच आहे. टीव्ही बंद केल्यावर निवांतपणा तिथल्या तिथे संपत होता, सुस्ती मागे राहत होती. शरीर मग साधा हिशेब करतं : चालू असताना बरं वाटत होतं, बंद केल्यावर बिनसलं, तर चालूच ठेवा.

दुसरं कारण डोळ्यांनी बघता येतं. आमच्या चमूने एका खोलीत तेच चित्रित केलं.

(अंधारी खोली. कॅमेरा टीव्हीकडे पाठ करून. समोरची कोरी भिंत.)

टीव्ही आपल्या मागे आहे. आवाज बंद केलाय. फक्त भिंतीकडे बघा. निळसर उजेड, मग पिवळट, पुन्हा निळा. प्रत्येक बदल म्हणजे पडद्यावर दृश्य बदललं. गप्पांचा कार्यक्रम आहे तोवर भिंत जरा स्थिर दिसते. आता जाहिराती लागल्या... बघा, भिंत नुसती थरथरतेय. काही हललं, लकाकलं की सजीवाचं लक्ष नकळत तिकडे वळतं. या प्रतिक्रियेचं वर्णन रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने १९२७ सालीच करून ठेवलंय. आपण म्हणतो, अमुक माणूस टीव्हीला चिकटून बसलाय. अहो, त्याच्यापुढे दर काही सेकंदांना काहीतरी हलवलं जातंय. तो बघणार नाही तर काय करणार? हा प्रयोग घरी करून बघायला काही लागत नाही. मान फिरवली की झालं.

(उजेड. मोकळी झालेली भिंत, जवळून.)

टीव्ही उतरवल्यावर भिंत अशी दिसते. चार भोकं, त्यांच्याभोवती उडालेला पोपडा. रंग तिथे जरा ताजा, कडेने धुळीची चौकट. खाली लोंबणारी वायर, आणि तिच्या टोकाला आता कशातच न जाणारी पिन. यापेक्षा विचित्र दिसते ती बाकीची खोली. सोफा अजून त्याच भिंतीकडे बघतोय, खुर्च्याही तिकडेच. माणसं येऊन नेहमीच्या जागी बसतात आणि सगळ्यांची तोंडं त्या चार भोकांकडे. बोलायचं तर मान वळवावी लागते. म्हणून टीव्ही काढायचाच असेल तर त्याच दिवशी सोफा फिरवा. वाचनाचे संकल्प, खेळांचे डबे, छंद वगैरे नंतर बघता येईल.

पहिले दिवस वाईट जातात, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स विनिक यांनी टीव्ही बंद पडलेल्या घरांचा अभ्यास केला. बहुतेकांना पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड गेले. चिडचिड, कंटाळा, उगाच खटके. मुलांनी सवयीने रिमोट शोधायचा, मोठ्यांनी सवयीने बातम्यांच्या वेळेला घड्याळ बघायचं. शिवाय टीव्हीच्या आवाजाखाली इतके दिवस झाकलेलं बरंच काही वर येतं. कोण कुणाशी बोलत नाही, जेवताना कोण आधी उठून जातं, हे एकदम दिसायला लागतं. काही घरांना टीव्हीचा खरा उपयोग हाच असतो, आणि त्याला हसण्यासारखं काही नाही.

या दिवसांची धास्ती किती मोठी असते? १९७७ साली अमेरिकेतल्या ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या वृत्तपत्राने १२० कुटुंबांना विचारलं : महिनाभर टीव्ही बघू नका, ५०० डॉलर देतो. ९३ कुटुंबं नाही म्हणाली. त्या काळी ही काही किरकोळ रक्कम नव्हती.

(जुना नकाशा. कॅनडा.)

आता उलट्या दिशेने बघू. टीव्ही सोडणारं नाही, टीव्ही नव्याने आलेलं एक गाव. कॅनडातलं हे गाव खोऱ्यात वसलेलं, त्यामुळे आसपासच्या गावांत टीव्ही आला तरी इथे चित्र पोचत नव्हतं. १९७३ साली पोचलं. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पोचण्याआधी आणि दोन वर्षांनी, असं दोनदा गाव तपासलं. जोडीला टीव्ही असलेली दोन गावंही घेतली. अभ्यासात गावाचं खरं नाव दिलेलं नाही, त्याला ‘नोटेल’ म्हटलंय. टीव्ही येण्याआधी तिथली मुलं कल्पकतेच्या चाचण्यांत इतर गावांच्या पुढे होती. दोन वर्षांत ती सरशी पुसली गेली. खेळताना मारामारी वाढली. गावातल्या खेळांना आणि कार्यक्रमांना येणारी माणसं कमी झाली. टीव्हीने त्यांना घरात कोंडलं नव्हतं. बाहेर जायचं कारण तेवढं कमी झालं होतं.

एवढं ऐकून कुणी टीव्हीला खलनायक करायला निघेल, तर जरा थांबावं लागेल. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेत नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने रोखून धरले होते. त्यामुळे काही शहरांत टीव्ही लवकर आला, काही शहरांत बराच उशिरा. हा योगायोग हाताशी धरून मॅथ्यू जेंट्झ्को आणि जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली तपासलं, की बालपणी टीव्ही बघितलेली मुलं पुढे परीक्षेत मागे पडली का. पडली नव्हती. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नव्हती, त्यांना तर थोडा फायदाच झाला होता. आणि भारतातल्या खेड्यांत केबल पोचल्यावर काय झालं, हे रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ साली मांडलं. नवऱ्याने मारलं तर त्यात वावगं नाही, असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं. मुलगाच हवा हा हट्टही सैलावला. वर्षानुवर्षं रडक्या म्हणून हिणवलेल्या मालिकांनी हे केलं असेल, तर त्यांचं एवढं देणं मान्य करायला हवं.

फायलो फार्न्सवर्थ या अमेरिकन संशोधकाची गोष्ट इथे सांगायला हवी. इलेक्ट्रॉनिक टीव्हीचं चित्र त्याने १९२७ साली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचवलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पुढे टीव्हीवर जे काही दाखवलं जाऊ लागलं, त्याला तो वैतागला. आपल्या घरात तो टीव्ही बघू द्यायला तयार नसायचा, असं त्याच्या मुलाने सांगितलंय. पण जुलै १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरताना त्याने पडद्यावर पाहिला आणि बायकोला म्हणाला, की आता सगळ्याचं सार्थक झालं. त्याच रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना मात्र ते दृश्य घरी बघता आलं नाही, कारण तिथे सरकारने टीव्हीच येऊ दिला नव्हता. तो आला १९७६ साली. सरकारने उंबऱ्याबाहेर अडवलेला टीव्ही वेगळा आणि घरातल्यांनी ठरवून बंद केलेला वेगळा. दोन्ही घरांत पडदा काळाच दिसतो म्हणून त्यांना एका मापाने मोजू नये.

घरातही सरकार असतंच. तरुण जोडपं उत्साहाने टीव्ही काढायला निघतं आणि दिवसभर घरात एकट्या असलेल्या आजींना कुणी विचारत नाही. त्यांना चित्राचं फारसं पडलेलं नसतं, घरात माणसाचा आवाज हवा असतो. तो काढून घेतलात तर त्या जागी तुम्ही बसणार आहात का? बसणार नसाल तर टीव्ही त्यांच्या खोलीत जाऊ दे. किंवा रेडिओ लावून द्या. तो ऐकता ऐकता हातातलं काम होतं.

(अंधारी खोली. सोफ्यावर तीन चेहरे, तिन्ही खालून उजळलेले.)

भिंत मोकळी झाली आणि हे असं झालं, तर काय सोडलं? पूर्वी निदान सगळे मिळून एकाच गोष्टीवर वैतागायचे. फोन हा प्रत्येकाचा वेगळा टीव्ही आहे, आणि त्यालाही शेवट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शन केलं, तेव्हा टीव्ही आणि फोन असा भेद केलाच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं.

म्हणून टीव्ही विकायची घाई नको, असं माझं मत. जुन्या टीव्ही केंद्रांचं वेळापत्रक घरी चालवून बघावं. एक वार कोरा. संध्याकाळचा एक तास कोरा, त्यात फोनही आले. काय बघायचं ते ठरवूनच लावायचं आणि ते संपलं की बंद. ‘बघू तरी काय लागलंय’ हे वाक्य तेवढं घरातून हद्दपार. ठरलेल्या वेळी बटण कोण दाबणार, हे आधी ठरवून ठेवा. हे काम पोरांकडे दिलं तर ती मोठ्यांपेक्षा कडक निघतात.

इतकं करूनही नकोसा झाला, तर द्या कुणाला तरी. जुना, मागे फुगीर ट्यूब असलेला असेल तर तो फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. नवा असेल तर देण्याआधी त्यातली आपली सगळी खाती बंद करा. नाहीतर तुम्ही इकडे पुस्तक उघडून बसाल आणि तिकडे दुसऱ्याच्या घरी, तुमच्या नावाने आणि तुमच्या पैशाने, पुढचा भाग आपोआप सुरू होईल.

(पडदा काळा. श्रेयनामावली.)