उद्यमबागेत भरलेला पिकअप

उद्यमबाग, बेळगाव. इथल्या दुकानांत जळालेल्या विजेच्या मोटारी येतात, काळी पडलेली तार उपसली जाते, नवी भरली जाते. आज त्याच टेबलावर बेस गिटारचा पिकअप भरतोय, म्हणजे चुंबकांभोवती तारेचे फेरे घेतलेला, गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. गिटारचं सागवान खानापूरकडचं.

ही तार नीट बघा. जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर. पिकअपवाले ४२ गेज म्हणतात ते अमेरिकन माप. आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात ती ४६च्या आसपास बसते. वर इनॅमलचा पातळ थर. तो खरवडला की फेरे एकमेकांना टेकतात आणि कॉइल वाया जाते.

बॉबिन फिरवते शिलाई मशीनची मोटार, वेग पायाखालच्या पेडलवर. तार मात्र बोटांतूनच सोडायची. "ओढू नको रे, तिच्या कलानं जाऊ दे की," वाइंडिंगवाले काका सांगतात. ताण वाढला तर तार तुटते. कमी पडला तर फेरे सैल राहतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. आयुष्यभर मोटारी भरलेल्या बोटांना हा अंदाज असतोच. पिकअप परदेशातूनच मागवावा लागतो असं म्हणतात, ते म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

एका कॉइलला सुमारे १०,००० फेरे. आणखी वाढवले तर आवाज दणकट होतो, पण वरचे सूर दबतात.

फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९५७ मध्ये आपल्या प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप दिला. इथे आराखडा तोच. एक कॉइल दोन जाड तारांखाली, दुसरी दोन बारीक तारांखाली. दुसरीत अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकांचं तोंड उलटं, विजेची दिशाही उलटी. त्यामुळे घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर दोन्हींत एकमेकींना खोडते, वाजवलेला सूर मात्र शाबूत राहतो. चुंबकांचं तोंड तपासायला साधं होकायंत्र पुरतं.

आता मेण. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण, भांडं गरम पाण्यात, ६५ अंशांच्या आसपास. हे बुडबुडे म्हणजे फेऱ्यांत अडकलेली हवा. ते थांबेपर्यंत कॉइल बाहेर काढायची नाही. मेण थंड झालं की एकही फेरा हलत नाही.

मीटरवर दोन्ही कॉइल मिळून १० किलोओहमच्या थोडं वर. तार कुठेही तुटलेली नाही.

बेस टिळकवाडीत सरावाला गेला, आणखी एकाची मागणीही आली. ती जॅझ बेसची, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या बेसच्या पिकअपची: बॉबिन लांब आणि अरुंद, ताण चुकला तर मधे आत ओढली जाते. काकांनी पेडलचा वेग आधीच कमी करून ठेवलाय.