कंसातला रामराम

(माहितीपटाचं निवेदन. अजिंक्यतारा, दिवेलागण. खाली शहर.)

याच साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. गडाच्या पायथ्याशी त्यांनी पेठा वसवल्या, शाहूनगर उभं केलं. त्यांचा दरबार अजूनही भरतो. रात्री नऊनंतर, जेवणंखाणं उरकली की, मोबाइलवर. खेळ म्हणून, एकेक पात्र घेऊन, लिहून.

(मोबाइलचा पडदा, जवळून.)

इथे कुणी अमात्य आहे, कुणी सेनापती, कुणी माणदेशातला देशमुख. साल ठरलेलं, बोलायचं ते आपल्या पात्राच्या तोंडून. स्वतःचं काही सांगायचं तर कंसात. हे बघा, सचिवांनी कंसात लिहिलंय, ‘उद्या पेपर आहे, दोन दिवस रजा.’ आणखी एक नियम फार जपतात. दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. ‘सेनापती घाबरले’ असं अमात्यांनी लिहायचं नाही. घाबरायचं की कसं, ते सेनापती बघतील.

(मोडीतलं पत्र. बोरूचे फराटे.)

पत्र म्हटलं की मायना आला. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ कुणाला लिहायचं, कुणाला नुसतं ‘राजश्री’. कुठे आशीर्वाद, कुठे दंडवत, कुठे रामराम. जुन्या पत्रव्यवहारात हे हुद्द्यावर ठरे, नात्यावर ठरे आणि जातीवरही. खेळात ते पाळतात, अगदी शेवटच्या ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत. कंसात मात्र सगळे ताई आणि दादा. अमात्य कॉलेजात शिकतो, त्याला मुजरा करणारे कारकून बँकेतून निवृत्त झालेत. कंसात तो त्यांना काका म्हणतो.

(स्वयंपाकघर. गॅसवर चहा उकळतोय.)

या ताई दोन आठवड्यांपूर्वी आल्या. पहिल्याच रात्री त्यांनी दरबारात चहा फिरवला. १७०८ साली, साताऱ्यात! एकाने भर दरबारात विचारलं, ‘टपरी कुठली?’ हसण्याच्या चित्रांची रांग लागली. ताई गप्प.

मग मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने लिहिलं, ‘पाहुणे उन्हातून आले, आधी गूळपाणी द्या.’ चहाचं नाव नाही. (पन्हं सुचलं होतं म्हणे, पण जानेवारीत कैरी कुठली?) चूक खेळातच निस्तरली. उरलेलं त्यांनी ताईंना खासगीत समजावलं, चार ओळींत. हे चित्रण आम्ही तीनदा पाहिलं.

पूर्वी असं नव्हतं. आल्याआल्या सनावळीची परीक्षा व्हायची. त्यात काही जण आले तसे निघून गेले.

(पायवाट. धावणारी पावलं.)

आता नव्या माणसाला जासूद करतात. जासूद म्हणजे पत्रं पोचवणारा. त्याला अमात्यांच्या वाड्यात जाता येतं, छावणीत जाता येतं, कुणाशीही दोन शब्द बोलता येतात. ‘पत्र आणलंय’ एवढं म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. कुणाचा मायना कसा, हेही पत्रं पोचवता पोचवता कळतं. पेशव्यांची जागा रिकामी आहे, पण ती पहिल्या दिवशी कुणाला मिळत नाही. मागणारे बरेच असतात.

(पुन्हा स्वयंपाकघर. चहाचा कप बाजूला, अंगठे मोबाइलवर.)

ताई आता जासूद आहेत. ‘खलिता घेऊन आलो. घोड्याला पाणी मिळेल का?’

सेनापती टाइप करतायत.