चापाबाहेरचं बोट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात नळाला पाणी कधी येणार, हे कुणाला कॅलेंडर बघून सांगावं लागत नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पण पिंप, घागरी, हंडे आदल्या रात्रीच घासून पालथे घातलेले असतात. पाणी मध्यरात्री आलं तर शेजारच्या काकूंना हाक कुणी मारायची, हेसुद्धा गल्लीला पाठ असतं. पाण्याच्या बाबतीत इतका तयार असलेला माणूस जिवावरच्या प्रसंगाचा विषय निघाला की म्हणतो, "बघू की तेव्हाचं तेव्हा." त्या 'तेव्हा'बद्दल मला आज बोलायचं आहे.

मी अठरा वर्षं सैन्यात काढली. त्यातली शेवटची काही वर्षं नव्या पोरांना हत्यार शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचं लायसन काढलं आणि काही वर्षं रोकड नेणाऱ्या गाडीवर गार्ड म्हणून उभा राहिलो. आता मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठी आमच्या वस्तीवर असतो. माझ्याकडे बागायतदार येतात, सराफीतली तरुण मुलं येतात आणि विचारतात, "काका, लायसन कसं काढायचं? बंदूक कोणती घ्यावी?" त्यांना मी आधी एका रात्रीची गोष्ट सांगतो. तीच तुम्हालाही सांगतो.

निवृत्तीनंतरचं दुसरं वर्ष होतं. शेजारच्या दोन वस्त्यांवर चोऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांची झोप सावध झाली होती. ज्वारी छातीला लागलेली, थंडीचे दिवस. रात्री अडीचच्या सुमाराला गोठ्यामागे ज्वारी खसखसली. मी उठलो, कपाट उघडलं, अंधारातच दोन्ही नळ्यांत काडतुसं भरली आणि ओट्यावर आलो. गोठ्याच्या कोपऱ्यावर एक माणूस. खांद्यावर लांब काहीतरी. वाकून, दबकत चाललेला. "कोण आहे?" असं ओरडायला तोंड उघडलं, पण घसा इतका कोरडा पडला होता की आवाजच फुटला नाही. दुनळी खांद्याला लागली. आणि तेवढ्यात तो माणूस बोलला, "दादा, मी हाय की! दारं धरून आलो."

माझा धाकटा भाऊ. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मोटार चालू करून, दारं धरून म्हणजे पिकाला पाणी देऊन तो परत येत होता. खांद्यावर खोरं होतं. मला जाग येऊ नये म्हणून दबकत चालत होता.

मी बाजेवर बसलो, दुनळी मोडली म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडली, काडतुसं बाहेर काढली. ती बोटांत धरता येईनात. एक गडगडत बाजेखाली गेलं, ते भावानंच उचलून दिलं. तो काही बोलला नाही. आत जाऊन पाणी प्याला आणि झोपला. मी पहाटेपर्यंत तिथंच बसून होतो. दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. एक म्हणजे माझं बोट चापावर होतं. अठरा वर्षं ज्या हाताला शिकवलं आणि ज्या हातानं दुसऱ्यांना शिकवलं, त्याच हाताचं बोट. दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. कुत्रं भुंकलं नव्हतं. भावाच्या पायाशी शेपूट हलवत चाललं होतं. आमचं कुत्रं परक्याला शंभर पावलांवरून ओळखतं. ते गप्प आहे, याचा अर्थ एखाद्या पोरालाही कळला असता. मला कळला नाही, कारण भीतीनं माझे कान बंद केले होते.

हे असं सगळ्यांचंच होतं, श्रोतेहो. जिवाची भीती वाटली की छाती धडधडते, बोटं बधिर होतात, नजर एका ठिकाणी खिळते, बाजूचं दिसत नाही, ऐकू येणं कमी होतं. त्या क्षणी माणूस नवा विचार करूच शकत नाही. आधी ठरवलेलं असेल आणि अंगवळणी पडलेलं असेल, तेवढंच हातून घडतं. म्हणून मी सांगतो, हत्यार घरात आणण्याआधी ते कधी उचलायचं नाही हे ठरवा. शांत डोक्यानं, दिवसाढवळ्या, घरच्यांना समोर बसवून. मी माझं वहीत लिहून ठेवलं आहे. मोटारीची केबल आणि स्टार्टर चोरीला जात असेल तर बंदूक उचलायची नाही. पाठ फिरवून पळणाऱ्यावर उचलायची नाही. बांधाच्या भांडणात, भावकीच्या भांडणात कपाटाची किल्लीसुद्धा हातात घ्यायची नाही. समोर कोण आहे ते उजेडात दिसल्याशिवाय नाही. हे एवढं वगळल्यावर उरतं काय? घरात घुसलेला, जिवावर उठलेला माणूस आणि मागे सरायला जागा नसलेलं आपलं घरदार. त्या एका वेळेसाठी हत्यार आहे.

कायदाही याच्या जवळपासच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. आपला आणि दुसऱ्याचाही जीव वाचवायचा हक्क कायद्यानं दिला आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा वेळी हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, असे मोजके प्रसंग आहेत. पण ३७ वं कलम मी प्रत्येकाला दोनदा वाचायला लावतो. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क तर कधीच नाही. शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची भीती असेपर्यंतच टिकतो. हल्लेखोर खाली पडला, हत्यार त्याच्या हातून सुटलं, त्यानंतरचा दुसरा फटका बचावात बसवणं फार अवघड जातं.

लायसनचं थोडक्यात सांगतो. वय एकवीस पूर्ण हवं. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन पाच वर्षांचं असतं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच. गावठी कट्ट्याचं तर नावच काढू नका. तो बाळगणं हा गुन्हा आहेच, शिवाय चाप ओढल्यावर तो पुढं उडेल की हातातच फुटेल, याची खात्री बनवणाऱ्यालाही नसते.

आता हत्यार हाताळण्याबद्दल. सैन्यात नेम धरण्याला 'शिस्त घेणं' म्हणतात. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, मग चाप. आपल्या मराठीत त्याच शब्दाचा अर्थ वळण असा होतो, आणि मला वाटतं बंदुकीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून हातात घ्यायची. आत्ताच रिकामी केली असली तरी. दुनळी मोडायची, दोन्ही नळ्यांत आधी डोळ्यानं बघायचं, मग बोट घालून चाचपायचं. नळीचं तोंड माणसाकडं, जनावराकडं, घराकडं कधी वळवायचं नाही. बोट चापाच्या कड्याबाहेर, लाकडावर सरळ. आणि नेम ज्याच्यावर आहे त्याच्या मागे काय आहे? पत्र्याची खोली असेल, पलीकडे लेकरं झोपली असतील, तर छर्ऱ्याला पत्रा म्हणजे कागद आहे.

बंदूक कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. पोरांना लपवलेली जागा कळत नाही असं समजू नका, त्यांना सगळं कळतं. घरात कुणी दारू पिणारं असेल, किंवा कुणी मनानं खचलेलं असेल, कर्जानं पिचलेलं असेल, तर बंदूक त्या काळापुरती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करा. निवडणुकीत आम्ही जमा करतोच, वाट माहितीची आहे. हे मी हात जोडून सांगतो. चोराच्या भीतीनं आणलेल्या बंदुकीनं घरातलाच माणूस जाऊ नये.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात डेनिस ट्यूलर नावाचे प्रशिक्षक होते. १९८३ च्या सुमाराला त्यांनी मोजून दाखवलं की चाकू घेऊन धावणारा माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. एकवीस फूट म्हणजे आमच्या फाटकापासून ओट्यापर्यंत. दीड सेकंदात झोपेतला माणूस उशीखालची बॅटरीसुद्धा काढू शकत नाही, बंदूक तर लांबच. म्हणून मी आधी अंतर वाढवायला सांगतो. वस्तीला काटेरी कुंपण, फाटकाला साखळी, अंगणात दिवा, एक जागतं कुत्रं, दाराला आतून जाड अडणा. दार फोडायला चोराला दोन मिनिटं लागली तर त्या दोन मिनिटांत ११२ ला फोन होतो आणि शेजारच्या वस्तीला हाक जाते. फोनवर आधी गाव आणि वस्तीची खूण सांगा. किती माणसं आहेत ते सांगा. घरात लायसनची बंदूक आहे हेही सांगा. पोलीस आले की दुनळी मोडून जमिनीवर ठेवा आणि हात मोकळे दाखवा. अंधारात त्यांनाही माणूस ओळखू येत नसतो.

ज्यांच्याकडे बंदूक नाही, आणि बहुतेकांकडे ती नसावीच, त्यांच्यासाठी काठी आहे. कानापर्यंत उंचीची, मुठीत बसणारी. ती डोक्यात मारण्यासाठी नाही. समोरच्याला दोन हात लांब ठेवून दारापर्यंत मागे सरकण्यासाठी आहे. रात्रपाळीवरून सुटणाऱ्या मुलींनी मिरचीचा फवारा जवळ ठेवला तर चांगलंच, पण तो पर्सच्या तळाशी नको. वारा कुठून वाहतोय हे बघायची सवय लावा आणि घरी एकदा मोकळ्या जागेत दाबून बघा. तो लागला की थांबायचं नाही, पळायचं.

आणि एक जखम आपल्या जिल्ह्याची आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण आपली लेकरं वाचवतोय. मोबाईलवर आलेल्या एका अफवेनं पाच घरं उघड्यावर पडली. स्वसंरक्षणाबद्दल बोलताना मी हे सोडूच शकत नाही. त्या रात्री ओट्यावर माझ्याही डोक्यात आधीपासून चोरच बसला होता. परका माणूस गावात दिसला तर विचारा, पाणी द्या, बसवा, पोलीस पाटलांना बोलवा. चौघांनी काठ्या घेऊन घेरलेला माणूस खरं बोलला तरी त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

वाचवण्याचं कसब मारण्याच्या कसबापेक्षा दहापट वेळा उपयोगी पडतं. कोयत्याचा घाव, मोटारसायकलचा अपघात, यंत्रात सापडलेला हात. रक्त उसळून येत असेल तर आपला सोलापुरी टॉवेल घ्या, घडी करा, जखमेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबा. थांबलं का म्हणून उचलून बघू नका. पहिला टॉवेल भिजला तर त्याच्यावर दुसरा. हातापायातून येणारं रक्त तरीही थांबत नसेल तर रुंद पट्टी घ्या, सुतळी नको. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून ती बांधा, त्यात काठी घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत. किती वाजता बांधली ते कपाळावर पेनानं लिहा. दवाखान्यात पोचेपर्यंत ती सोडायची नाही. १०८ ला फोन दुसऱ्यानं करायचा, दाबणाऱ्यानं हात काढायचा नाही.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना कधी नव्हे इतकी फुगली. आम्ही वस्ती सोडली तेव्हा सातबारा, आधार, पासबुकं आणि लायसन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार होतं, औषधं दुसऱ्या पिशवीत. जनावरांचे कासरे आधीच सोडले होते. बंदूक मात्र मागे ठेवता येत नाही, ती मी खांद्यावर घेतली आणि ठाण्यात जमा केली. तुम्ही जिथं झोपता, जिथं काम करता, तिथून बाहेर पडायला दुसरा रस्ता कोणता, हे आज घरी गेल्यावर बघून घ्या. तो रस्ता पोत्यांनी किंवा गाठोड्यांनी अडलेला असेल तर आजच मोकळा करा.

आमच्या वस्तीवर त्या रात्रीनंतर एक रीत पडली. रात्री रानातून येणाऱ्यानं विहिरीपाशी थांबायचं, बॅटरी दोनदा लावायची आणि नाव घेऊन हाक मारायची. आतून ओ आल्याशिवाय पुढं यायचं नाही. आता मोटार मोबाईलवरून चालू होते, भावाला रात्री जावंसुद्धा लागत नाही. तरी कधी पाईप फुटला, कधी रानडुकरं आली म्हणून तो जातो. परत येताना विहिरीपाशी उभा राहून हाक मारतो, "दादा, मी हाय!" आणि मी जागा असो वा नसो, माझ्या तोंडून ओ जाते.

नमस्कार.