पाट्यांवरची मासेराती

मघाशी मागून एका काकांनी विचारलं, फेरारी डेटोना आणि मासेराती गिबली यांतली एकच घ्यायची तर कुठली? उत्तर देतो, पण जरा फिरून.

दोन्ही गाड्या एकाच मुलखातल्या. मासेराती मोदेनाची, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर मारानेल्लोत फेरारी. गिबली १९६६ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात दिसली, डेटोना १९६८ मध्ये पॅरिसला. काम दोघींचं एकच : दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन सकाळी मिलान सोडायचं, रात्रीच्या जेवणाला पॅरिस गाठायचं.

डेटोनाचं इंजिन बारा सिलिंडरचं, ४.४ लिटरचं, ३५२ अश्वशक्तीचं. वेग ताशी २८० किलोमीटर. गिबलीला आठच सिलिंडर, पुढे तिचीच ४.९ लिटरची जोरकस आवृत्ती एसएस आली, तिची ताकद ३३५. कागदावर फार फरक नाही. खरा फरक गाडीखाली वाकून बघितल्यावर कळतो. डेटोनाचा गिअरबॉक्स मागे, एक्सलपाशी. त्यामुळे वजन पुढे-मागे छान वाटलं जातं, आणि चारही चाकं आपापली हलतात. गिबलीला मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. हो, पाटेच! आपल्या अँबॅसिडरला असायचे तसले. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ते जाणवत नाहीत. खडबडीत वळणावर मात्र शेपूट उड्या मारते.

पण डेटोना गावात चालवून बघा. स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो.

आणि गिबलीचं रूप! जुजारो या इटालियन डिझायनरनं ते घिया या गाड्यांची रूपं घडवणाऱ्या कंपनीत काढलं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत ठेवलं, म्हणून खालचं चेंबर आखूड झालं, इंजिन खाली बसलं आणि बॉनेट जमिनीसरशी गेलं. पेट्रोलच्या टाक्या दोन. छताच्या मागच्या दोन्ही खांबांवर एकेक झाकण.

आता भाव. बंद छताच्या गिबली डेटोनापेक्षा थोड्या कमीच बनल्या, तरी डेटोनाला साधारण तिप्पट पैसे पडतात. कारण शर्यत. गंमत म्हणजे ‘डेटोना’ हे कंपनीनं दिलेलं अधिकृत नावच नव्हे, अधिकृत नाव ३६५ जीटीबी/४. १९६७ च्या अमेरिकेतल्या डेटोना शर्यतीत फेरारीच्या वेगळ्याच गाड्यांनी पहिले तीन नंबर मारले आणि नाव हिला चिकटलं. हिनं ते पुढे निभावलं म्हणा : १९७२ ते ७४, तीनदा फ्रान्सच्या ल माँ या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली. २०१७ मध्ये जपानच्या एका कोठारात सापडलेली अॅल्युमिनियमची डेटोना अंगावरच्या धुळीसकट १८ लाख युरोंवर गेली.

उघड्या डेटोना कारखान्यातून फक्त १२२ निघाल्या. भाव चढल्यावर लोकांनी बंद गाड्यांची छपरं कापली! त्यामुळे उघडी दिसली की आधी चासी नंबर तपासा, मग रूपावर भाळा.

तर काका, मी गिबली घेईन. वाचलेले पैसे पेट्रोलला. टाक्या दोन भरायच्या आहेत.