दोन-दोन वर्षांचं आयुष्य

१५ ऑगस्ट २०१२. शिकागोच्या नेव्ही पिअरवर हजारो तरुणांची रांग लागली आहे. बरोबर आई-वडील, हातात फुगलेल्या फाइली. अमेरिकेत लहानाची मोठी झालेली ही मुलं आज सरकारला स्वतःहून सांगणार आहेत, की आम्ही इथे राहतो आणि आमच्याकडे कागदपत्रं नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी, १५ जूनला, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी ‘डाका’ जाहीर केला होता. पूर्ण नाव ‘डिफर्ड अ‍ॅक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स’. वयाच्या १६ वर्षांआधी अमेरिकेत आलेल्या, ३१ पूर्ण न झालेल्या, शिकत असलेल्या किंवा शालेय शिक्षण संपवलेल्या आणि गंभीर गुन्हा नावावर नसलेल्या तरुणांना दोन वर्षं हद्दपार करायचं नाही, शिवाय कामाचा परवाना द्यायचा, अशी ती योजना.

यातली बहुसंख्य मुलं मेक्सिकोतली. कुणी आईच्या कडेवर सीमा ओलांडून आलेलं, कुणाच्या आईबापांच्या व्हिसाची मुदत संपून गेलेली. शाळेत मात्र ती चारचौघांसारखीच वाढली. कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळेचं दार मुलांना बंद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सांगून ठेवलं होतं. खरी अडचण यायची ती सोळाव्या-सतराव्या वर्षी. वर्गातली मुलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायला निघायची, कॉलेजच्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचा (सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाचा) रकाना यायचा, आणि मग आई जवळ बसवून खरं काय ते सांगायची. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ज्याला आपण आपला देश म्हणतो त्याच्या लेखी आपण इथे असायलाच नको.

त्या फाइलींत काय होतं? १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेतच आहोत, याचे पुरावे. शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाच्या नोंदी, घरभाड्याच्या पावत्या, दवाखान्याची बिलं. कुठे आपलं नाव लागू नये म्हणून ज्या घरांनी वर्षानुवर्षं जपलं, त्याच घरांत आता नाव असलेला एकेक कपटा शोधला जात होता. आणि हे सगळं घरच्या पत्त्यासकट, बोटांच्या ठशांसकट त्याच सरकारच्या हवाली करायचं, ज्याच्यापासून आजवर लपून राहिलो. मुलांनी विश्वास टाकला. माझ्या मते पुढच्या प्रत्येक वादात पहिल्यांदा मोजायला हवा होता तो हा विश्वास.

कामाच्या परवान्याचं हे कार्ड पाहा. आपल्या पॅन कार्डाएवढं. मालकाचा फोटो, प्रवर्गाच्या जागी ‘सी ३३’ हा डाकाचा संकेत, आणि मुदत संपण्याची तारीख. हे हातात आलं आणि पगार पाकिटातून मिळायचा तो बँकेत जमा व्हायला लागला. लायसन्स मिळालं. कुणी नर्स झालं, कुणी शिक्षक. आजवर ८ लाखांहून अधिक जणांना हे संरक्षण मिळालं आहे. कोविडच्या वर्षी आरोग्यसेवेतले सुमारे २७ हजार लोक याच कार्डावर काम करत असल्याचं वैद्यकीय संस्थांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणून दिलं.

पण हे नागरिकत्व नाही. ग्रीन कार्ड नाही. कायदेशीर दर्जासुद्धा नाही. कर भरायचा, पण कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. आजी आजारी आहे म्हणून गावी जायचं, तर आधी परवानगी काढा. नाही तर परतीची वाट बंद. दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि तेही मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी. घरासाठी २० वर्षांचं कर्ज घ्यायचं आणि नोकरीची खात्री मात्र २ वर्षांची, हा हिशेब जुळवायचा तरी कसा?

सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने डाका गुंडाळायला घेतला. १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते रोखलं. योजना कायदेशीर आहे, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. ती रद्द करण्याची पद्धत मनमानी होती, एवढंच म्हणालं. पुढच्याच वर्षी टेक्सासमधले न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी डाका बेकायदा ठरवला. जुन्यांचं नूतनीकरण चालू राहिलं, नव्यांना मंजुरी थांबली. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कामाच्या परवान्यावरचा निकाल टेक्सासपुरता मर्यादित केला आणि हद्दपारीपासूनचं संरक्षण त्यातून वेगळं काढलं. म्हणजे राहू देऊ, पण कमवू देणार नाही, असंही घडू शकतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही याची एक झळ बसते. आईबाप नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डसाठी भारतीयांना कित्येक वर्षांची प्रतीक्षा, आणि तोवर मूल २१ वर्षांचं झालं की त्या व्हिसाचा आधार सुटतो. डाका या मुलांना लागू नाही, कारण १५ जून २०१२ या दिवशी कायदेशीर दर्जा नसलेल्यांसाठीच तो होता. नियम पाळत आलेल्या कुटुंबातलं मूल असं उघड्यावर पडतं.

कायमचा उपाय संसदेच्याच हाती आहे. अशा मुलांना कायमचा कायदेशीर दर्जा देऊ पाहणारा ‘ड्रीम अ‍ॅक्ट’ २००१ मध्ये मांडला गेला, तो डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून. २०१० मध्ये तो प्रतिनिधिगृहात मंजूर झाला. सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, पडली ५५. डाकाच्या पहिल्या पिढीतले थोरले आता चाळिशी ओलांडताहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची मुलं जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. २००७ ची ती अट मात्र तशीच राहिली. त्यामुळे आज शाळा संपवणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या बहुतेक मुलांना डाकासाठी अर्जसुद्धा करता येत नाही.