आयमॅप बंद, तरी मेल थंडरबर्डमध्ये: डेव्हमेल आत काय करतं?

नमस्कार मंडळी! नवीन नोकरीत माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि मेलसाठी वर्षानुवर्षांच्या सवयीचं थंडरबर्ड. ऑफिसचा मेल एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर, आणि तिथे आयमॅप, म्हणजे मेल प्रोग्रॅमने सर्व्हरवरून मेल आणायची नेहमीची पद्धत, बंद! दिवसभर ब्राउझरमध्ये मेल उघडून बसायचं. नेट गेलं की कालचा मेलसुद्धा दिसायचा नाही. फार चिडचिड व्हायची.

अडचण भाषेची आहे. थंडरबर्ड मेल आणताना आयमॅप बोलतं, पाठवताना एसएमटीपी. एक्स्चेंज बोलतं ईडब्ल्यूएस (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस), म्हणजे वेबवरून एक्सएमएल या मजकूर-रचनेत. मग मध्ये दुभाषा बसवायचा. डेव्हमेल हा तसा प्रॉक्सी सर्व्हर: मोफत, ओपन सोर्स, आपल्याच मशीनवर चालणारा. बसवण्याआधी आयटीवाल्यांना विचारा मात्र.

आता स्क्रीनवर बघा. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जागी लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन. आयमॅपचा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ११४३, एसएमटीपीचा १०२५. नेहमीचे १४३ आणि २५ का नाहीत? लिनक्सवर १०२४च्या खालचा पोर्ट उघडायला सहसा रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात, म्हणून दोन्हींत सरळ हजार मिळवलेत. इथे एन्क्रिप्शन नाही म्हणून दचकू नका, हा टप्पा मशीनच्या आतच राहतो. पुढे सर्व्हरपर्यंत एचटीटीपीएस आहे. बाहेरून जोडणी घेण्याचा पर्याय तेवढा बंदच ठेवा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला यूआयडी लागतो: ३२ बिटांचा आकडा. नव्या मेलचा आकडा जुन्यापेक्षा मोठाच हवा, आणि एकाला दिलेला पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. ईडब्ल्यूएसमध्ये मेलची ओळख म्हणजे शंभराहून जास्त अक्षरांची माळ! तिच्यात चढता क्रम नाही, आणि मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की ती बदलते. यांची सांगड घालायची कशी? एक्स्चेंज आतल्या आत प्रत्येक मेलवर फोल्डरपुरता एक चढता क्रमांक ठेवतं. डेव्हमेल तोच उचलून यूआयडी म्हणून पुढे करतं. हा आकडा चुकला तर थंडरबर्ड जुने मेल नवे समजून सगळे पुन्हा उतरवत बसेल. नुसते शब्द बदलून भागत नाही, समोरच्याचे नियमही पाळावे लागतात.

एक नेहमीची तक्रार: पाठवलेला मेल सेंट फोल्डरमध्ये दोनदा दिसतो. एक प्रत डेव्हमेलमार्फत एक्स्चेंज ठेवतं, दुसरी थंडरबर्ड. दोन्हींपैकी एकीकडे ती सेटिंग बंद करा.

नव्या थंडरबर्डला आता स्वतःलाच ईडब्ल्यूएस येऊ लागलंय. पण तुम्ही मट हा टर्मिनलमधला मेल प्रोग्रॅम वापरत असाल, किंवा मेल ओढणारी जुनी स्क्रिप्ट असेल, तर डेव्हमेल हवंच. आणि मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या एक्स्चेंजमध्ये ऑक्टोबर २०२६पासून ईडब्ल्यूएस बंद करायला सुरुवात करणार असं जाहीर केलंय. त्याच्या जागी ग्राफ एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी बोलायची मायक्रोसॉफ्टची दुसरी भाषा. डेव्हमेलमध्ये त्याचंही काम सुरू आहे. तुमच्या स्क्रिप्टला त्याचा पत्ता लागायचं कारण नाही, ती ११४३वर आयमॅपच बोलत राहील.